पुंकेसरांची रचना ओळखताना या चुका टाळा

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला फुलाचं वर्णन लिहिताना बहुतेकांची गाडी पुमंगापाशी, म्हणजे फुलातल्या सगळ्या पुंकेसरांपाशी (नर भागांपाशी) अडते. मोनाडेल्फस, डायडेल्फस, सिनजेनेशियस हे शब्द तोंडपाठ असतात, पण फुलात नेमकं काय कशाला चिकटलंय हे न बघताच ते लावले जातात.

सगळ्यात मोठा घोळ 'जुळलेले पुंकेसर' एवढंच लिहून थांबण्यात आहे. जास्वंदीत तंतू (पुंकेसरांचे दांडे) जुळून नळी होते आणि परागकोश (टोकावरच्या परागांच्या पिशव्या) सुटे राहतात, म्हणून ती मोनाडेल्फस. सूर्यफुलात नेमकं उलट: तंतू सुटे, परागकोश जुळलेले, म्हणजे सिनजेनेशियस. भोपळ्याच्या नर फुलात दोन्ही जुळतात, ते सायनॅन्ड्रस. तेव्हा आधी तंतू बघा, मग परागकोश. सूर्यफुलाच्या कडेच्या पिवळ्या पट्ट्यांत पुंकेसर शोधत बसू नका, तिथे ते नसतातच. मधल्या चकतीवरचं नुकतं उमललेलं फूल घ्या. जास्वंदीची नळी सुईने उभी चिरा. आत परागवाहिनी (स्त्रीकेसराचा बारीक देठ) दिसली की 'हा दांडा म्हणजे स्त्रीकेसर' ही चूक पुन्हा होणार नाही.

दुसरी खोड म्हणजे कुळ ओळखलं की शब्द ठोकून द्यायचा. वाटाण्यात नऊ जुळलेले आणि एक सुटा, म्हणजे डायडेल्फस, हे खरं. पण त्याच कुळातल्या तागात दहाही एकत्र असतात आणि गुंजेत दहावा नसतोच. बहावा, गुलमोहर यांनाही शेंगा येतात, पण त्यांचे पुंकेसर सुटे. या सवयीचं मूळ जुनं असावं: 1735 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने पुंकेसरांवरूनच वनस्पतींचे 24 वर्ग पाडले आणि मोनाडेल्फिया, डायडेल्फिया ही त्यांतल्या वर्गांची नावं होती. आज नुसत्या पुंकेसरांवरून कुळ ठरत नाही. सरावाला वाटाण्यापेक्षा हादगा किंवा पळस घ्या. फूल मोठं असल्याने दहावा पुंकेसर भिंगाशिवाय दिसतो.

धोत्र्यात पुंकेसर एकमेकांपासून सुटे, पण पाकळ्यांच्या नळीला चिकटलेले असतात. 'सुटे' आणि 'एपिपेटलस' दोन्ही लिहायचं, यात विरोध काही नाही. फ्लोरल फॉर्म्युल्यात (फुलाच्या चिन्हांतल्या सूत्रात) सी (पाकळ्या) आणि ए (पुंकेसर) यांना जोडणारी कमान विसरली की गुण गेलेच. ए भोवती कंस मात्र घालू नका. कंस म्हणजे पुंकेसर आपसांत जुळलेले.

लांबी मोजायला कळी नको, तंतू अजून वाढत असतात. ताज्या उमललेल्या मोहरीत सहा दिसतील, आतले चार लांब आणि बाहेरचे दोन आखूड: टेट्राडायनॅमस. तुळशीत दोन लांब, दोन आखूड: डायडायनॅमस. अडुळशात मुळात दोनच पुंकेसर, त्यामुळे ओठांसारखं फूल दिसलं म्हणून त्याला डायडायनॅमस म्हणू नका.

रुईत नेहमीसारखे सुटे पुंकेसर शोधण्यात वेळ जातो. तिथे परागकोश कुक्षीला (स्त्रीकेसराच्या टोकाला) चिकटून गायनोस्टेजियम बनतं. मधल्या पंचकोनी चकतीच्या कोपऱ्यावरचा काळसर ठिपका भिंगाने शोधा, त्याखाली सुई सरकवून अलगद वर उचला. परागपुंजांची (एकत्र चिकटलेल्या परागांच्या गोळ्यांची) जोडी सुईला लटकून येते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर हात धुवा.