कोरोनातली सरकारी मदत आणि छोटे धंदेवाले: या चुका टाळा

मी दुकानदारांचे हिशेब लिहितो, आणि 2020-21 मध्ये ओळखीच्या दुकानदारांचे, हातगाडीवाल्यांचे, रिक्षावाल्यांचे मदतीचे अर्ज भरून द्यायचं काम आपोआप माझ्याकडेच आलं. योजना बऱ्याच होत्या, काही खरंच चांगल्या होत्या, पण त्याच त्याच चुकांमुळे माणसं अडकताना बघून जीव तुटायचा. त्यातल्या काही योजना आजही चालू आहेत आणि चुकाही तशाच चालू आहेत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे मोरेटोरियमला माफी समजणं. रिझर्व्ह बँकेने 27 मार्च 2020 ला तीन महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, ती वाढून 31 ऑगस्टपर्यंत गेली. ढकलायची! व्याज चालूच होतं. माझा एक मित्र लग्नपत्रिका छापतो, त्याचा वर्षाचा धंदा मार्च ते मे मध्येच होतो आणि नेमकं तेव्हाच सगळं बंद. मशीनचं कर्ज साधारण 8 लाख बाकी होतं, व्याज 12 टक्के, हप्ता 24 हजारांच्या वर, आणि 40 हप्ते राहिले होते. बँकेचा मेसेज आला, याने हो म्हणून टाकलं आणि मला म्हणाला सहा हप्ते सुटले रे. मी त्याला त्याच दिवशी कागदावर आकडा काढून दाखवला, सहा महिन्यांचं व्याज जवळपास 49 हजार होतंय, ते मुद्दलात जाऊन बसणार, हप्ता तोच राहिला तर 40 चे 43 हप्ते होणार, म्हणजे सत्तर हजारांच्या वर जास्तीचे जाणार. त्याला पटलं नाही. बाजूला लाखभराची एफडी होती ती त्याने मोडली नाही, का तर अडचणीला राहू दे. अहो पण अडचण म्हणजे अजून काय असते! निदान महिन्याचं 8 हजार व्याज तरी भर असं मी तीनदा सांगितलं. सप्टेंबरला स्टेटमेंट हातात आलं तेव्हा तो माझ्या घरी येऊन बराच वेळ नुसता बसून होता, आणि त्याला काही बोलायची माझी इच्छा नव्हती.

मग ऑक्टोबरमध्ये बातमी आली की 2 कोटींपर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार परत देणार, आणि परत तीच गडबड. परत मिळणार होतं ते व्याजावरचं व्याज, म्हणजे चक्रवाढ आणि सरळ व्याज यातला फरक तेवढा. मित्राच्या कर्जावर तो बाराशे रुपयांच्या आसपास निघत होता आणि तो 49 हजारांची वाट बघत होता. मथळा वाचून धावत सुटू नका हो, खालचे चार परिच्छेद वाचा. माझी सवय सांगतो, कुठलीही योजना आली की आधी वहीत एक ओळ लिहायची: हे पैसे परत करायचेत का, आणि व्याज कोण भरणार. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत सही करायची नाही.

तारण न घेता मिळणारं जे इमर्जन्सी क्रेडिट कर्ज होतं, 3 लाख कोटींच्या घोषणेतलं, ते सुरुवातीला 29 फेब्रुवारी 2020 ला जेवढी बाकी होती तिच्या 20 टक्के मिळायचं. म्हणजे आधीचं कर्ज नसेल तर मिळणारच नव्हतं. लोक कर्ज एका बँकेत आणि अर्ज दुसऱ्याच बँकेत घेऊन फिरायचे, का तर तिथला मॅनेजर ओळखीचा!

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे. 1 जुलै 2020 पासून फुकटच आहे, आधार नंबर आणि आता पॅन लागतो, बाकी माहिती तुम्हीच भरायची. तरी गुगलवर वर आलेल्या कुठल्याही साईटवर दीड-दोन हजार भरून बसलेले लोक मला आजही भेटतात. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे का बघा, एवढंच. आणि दुकानदारांनो, व्यापाऱ्यांना ही नोंदणी जुलै 2021 पासून मिळते पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांना ठराविक वाटा द्यावाच लागतो त्या) कर्जापुरती, त्यावर बाकीच्या सवलती मागू नका.

आता हातगाडीवाले. फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची पीएम स्वनिधी योजना 1 जून 2020 ला आली, पहिलं कर्ज 10 हजार, वेळेवर फेडलं की 20, मग 50, आणि वेळेवर फेडणाऱ्याला 7 टक्के व्याज परत खात्यात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या मावशींचा अर्ज मी भरायला घेतला तर ओटीपीच येईना. आधारला जो नंबर होता तो मुलाचा जुना, कधीच बंद पडलेला. आधार केंद्रं तेव्हा धड चालू नव्हती, त्यात दीड महिना गेला. मग कळलं की पालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र पण नाही, मग शिफारसपत्रासाठी अर्ज, त्यासाठी 24 मार्च 2020 च्या आधीपासून इथेच बसत होत्या याचा पुरावा हवा. मावशींनी पत्र्याच्या डब्यातून पालिकेच्या जुन्या पावत्या काढल्या, घडी घालून जपलेल्या, आणि त्या पावत्यांवर काम झालं. पैसे आले तेव्हा त्यांनी सरळ नवीन वजनकाटा घेतला. हप्ता हजाराच्या आतला, एकही चुकवला नाही.

त्यांच्या शेजारच्याने ते पैसे सरकारने दिलेत म्हणून फेडलेच नाहीत, एजंटने त्याला सांगितलं होतं की पुढे माफ होतं. पुढचे 20 हजार गेले आणि बँकेत नाव खराब झालं ते वेगळंच. असल्या एजंटांचा मला मनापासून राग आहे, गरिबाला दोन मिनिटांत काम करून देतो म्हणायचं, पाचशे घ्यायचे आणि अर्धवट सांगून मोकळं व्हायचं.

एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने रिक्षावाले आणि फेरीवाल्यांना 1500 रुपये जाहीर केले, ती खरी मदत, परत करायची नव्हती. पण परवानाधारक, नोंदणीकृत हे शब्द त्यात होते. दुसऱ्याच्या परमिटवर रिक्षा चालवणारे कितीतरी जण माझ्याकडे आले आणि मला त्यांना नाही म्हणावं लागलं.

बारीकसारीक: आधार, पॅन आणि पासबुकवर नाव एकच स्पेलिंगचं हवं. बंद पडलेलं खातं देऊ नका. क्यूआर कोड नुसता चिकटवून ठेवू नका, स्वनिधीत डिजिटल व्यवहारांवर महिन्याला 100 रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळायचा तो बऱ्याच जणांनी घेतलाच नाही. अर्ज केल्यावर अर्जाच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, "झालं म्हणाले" याला काही अर्थ नसतो.

स्वनिधी आता 2030 पर्यंत वाढवलीय, पहिलं कर्ज 15 हजार आणि दुसरं 25 हजार झालंय. मावशींच्या सुनेला गाडी लावायचीय, तिला मी परवाच सांगितलं की अर्ज राहू दे, आधी आधारचा मोबाईल नंबर बदलून ये आणि पालिकेची प्रत्येक पावती त्याच डब्यात टाकत जा.