डाएट न देणाऱ्या डाएटिशियनकडे ऑनलाइन जाताना

वजन उतरवणं हे लक्ष्य न ठेवणाऱ्या, डाएट चार्ट न देणाऱ्या डाएटिशियनबरोबर पहिलं सेशन झालं की दुसऱ्या दिवशी बहुतेकांचा व्हॉट्सॲपवर एकच मेसेज असतो: "मॅडम, चार्ट कधी पाठवताय?" चार्ट येत नाही. सकाळी कोमट पाणी, अकराला पाच बदाम, सातनंतर तोंड बंद, असला कागद इथे मिळत नाही. दर सोमवारी काट्याचा फोटो पाठवायचा नाही. पैसे पाण्यात गेले असं ठरवण्याआधी हे काम कसं चालतं ते पाहून घ्या, कारण सल्ला ऑनलाइन असेल तर निम्मं काम तुमच्या तयारीवर अवलंबून असतं.

वजन हे लक्ष्य नाही, म्हणजे तब्येत वाऱ्यावर सोडली असं नव्हे. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), रक्तदाब, पाळी, झोप, पोट साफ होणं, जिना चढताना लागणारा दम यांच्यावर लक्ष असतं. शिवाय दिवसातले किती तास खाण्याच्या विचारात जातात तेही पाहिलं जातं. या काळात वजन उतरेल, वाढेल किंवा आहे तिथेच राहील. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एकट्या बीएमआयवरून कुणाच्या साखरेचा अंदाज बांधायचा नाही, हे आपल्याकडच्या सडपातळ मधुमेह्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

निवड करताना

आधी शिक्षण विचारा. क्लिनिकल न्यूट्रिशन किंवा डाएटेटिक्समधली पदवी हवी, आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन) नोंदणी असेल तर उत्तम. काही आठवड्यांचा कोर्स करून झालेले 'वेलनेस कोच' गोड बोलतात, पण तुमच्या गोळ्या आणि जेवण यांचा मेळ त्यांना घालता येत नाही.

मग त्यांचं प्रोफाइल बघा. आधी-नंतरचे फोटो, "डाएट नाही, लाइफस्टाइल!" असं म्हणत महिन्याला चार किलोंचं आश्वासन, स्वतःच्या ब्रँडची पावडर, यातलं एक जरी दिसलं तरी पाटी फक्त नवीन आहे, दुकान जुनंच. दहा-पंधरा मिनिटांच्या ओळखीच्या कॉलवर तीन प्रश्न पुरतात. वजन कधी करायला सांगता आणि का? माझ्यासारख्या तक्रारीचे (पीसीओएस, मधुमेह, थायरॉइड, जे असेल ते) पेशंट नियमित पाहता का? गरज पडली तर माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? पहिल्या प्रश्नाला "कधीच नाही" हे उत्तरही पुरेसं नाही. हार्ट फेल्युअरमध्ये एक-दोन दिवसांत किलो-दोन किलो वाढले तर ते पाणी साठल्याचं लक्षण असतं. डायलिसिस, गरोदरपण, भूल आणि काही औषधांचे डोस यांतही वजन लागतंच. जाणकार माणूस हे सांगेल, आणि आकडा बघायचा नसेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, हेही सुचवेल.

तीन महिन्यांचं पॅकेज लगेच घेऊ नका. एक सेशन सुटं घ्या.

पहिल्या कॉलआधीचा आठवडा

तीन दिवसांची नोंद करा: दोन कामाचे दिवस, एक सुट्टीचा. कॅलरी नाही, ग्रॅम नाही. वेळ, काय खाल्लं, कुठे, खाण्याआधी भूक किती आणि नंतर पोट किती भरलं, एवढंच. भुकेसाठी ० ते १० पट्टी धरा. ० म्हणजे भुकेने डोकं दुखतंय, हात थरथरतायत. ५ म्हणजे भूकही नाही, पोट भरल्याची जाणीवही नाही. १० म्हणजे श्वास घ्यायला जड.

अशी नोंद नेहमी दिसते:

सकाळी ८ – चहा, दोन खारी. भूक ४.
दुपारी १:४० – ऑफिसात, दोन पोळ्या, फ्लॉवरची भाजी, अर्धी परत आणली. भूक १, नंतर ५.
संध्याकाळी ६:४५ – घरी आल्या आल्या, ओट्याशी उभ्याने, फरसाण, निम्मा पुडा बिस्किटं, चहा. भूक ०, नंतर ८.
रात्री १० – थोडा भात. भूक नव्हती.

नोंद लिहिणाऱ्याला वाटतं, प्रश्न फरसाणाचा आहे. डाएटिशियन फरसाणाकडे शेवटी बघतात. आधी त्यांना दिसतं की सकाळी आठच्या दोन खाऱ्यांवर पावणेसहा तास काढलेत, दुपारच्या डब्यात डाळ-उसळ-दही यातलं काहीच नाही, आणि त्यानंतर पुन्हा पाच तास रिकामे. सहा पंचेचाळीसला शरीर हिशेब चुकता करतं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते दिवसभर खाण्याबद्दलच बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं चाळू लागले, आणि पोटभर जेवण मिळू लागल्यावरही कित्येकांचं समाधान होईना. म्हणून या नोंदीवरचा पहिला उपाय 'फरसाण बंद' असा नसतो. साडेचारला मूठभर शेंगदाणे आणि केळं, आणि डब्यात एक उसळ, एवढाच असतो. दोन आठवड्यांनी फरसाणाचं बघू.

रिपोर्ट पीडीएफमध्ये आधी पाठवा, कॉलवर मोबाइलसमोर कागद धरायची वेळ आणू नका. गेल्या सहा महिन्यांतलं एचबीएवनसी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, लिपिड, टीएसएच (थायरॉइड), सीबीसी (रक्तपेशी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व यातलं जे असेल ते. औषधांची नावं डोस आणि वेळेसकट लिहा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ उतरू शकतं, आणि तो थकवा लोक 'वजनामुळे' म्हणून सोडून देतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर जेवणाची वेळ वा प्रमाण बदलल्यावर साखर खाली जाऊ शकते, म्हणून डोसबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बदलू नका. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड (मधुमेह-वजनासाठीची औषधं) घेत असाल तर ते लपवू नका. औषधानेच भूक दबलेली असते, भुकेची पट्टी तिथे कामाची नाही. घड्याळ बघून आणि प्रथिनं आधी, असं खावं लागतं.

आणखी एक कागद: आजवर केलेली डाएट्स. कोणतं, किती दिवस, सुटलं कसं, सुटल्यावर काय झालं. किती किलो उतरलं हे लिहिलं नाही तरी चालेल.

कॉलची मांडणी

दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळणं हीच खरी अडचण. सासूबाई शेजारी भाजी निवडत असतील तर "रात्री लपून खाते" हे वाक्य तोंडातून निघत नाही. गच्ची, पार्क केलेली गाडी, ऑफिसची रिकामी मीटिंग रूम, काहीही चालेल. इयरफोन हवेतच. बोलता येईना तर चॅटमध्ये टाइप करा. चालत्या बसमधून मात्र कॉल घेऊ नका. फोन हातात न धरता दोन डब्यांवर डोळ्यांच्या रेषेत टेकवा आणि स्वतःचं चित्र लपवण्याची सेटिंग वापरा. पाऊण तास स्वतःचीच हनुवटी बघत शरीराबद्दल बोलणं अवघड जातं.

दुसरं किंवा तिसरं सेशन स्वयंपाकघरातून करा. ऑनलाइनचा हा खरा फायदा, क्लिनिकमध्ये फ्रिज नेता येत नाही. रोजची वाटी, डाव, ताट दाखवा. 'एक वाटी वरण' ऐकून काहीच कळत नाही: वाटी १०० मिलिलिटरचीही असते आणि २०० चीही, आणि वरण पळीवाढं की घट्ट तेही ठाऊक नसतं. त्यापेक्षा चार माणसांत कुकरला किती डाळ लावता ते सांगा. ३० ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात ६. पातळ वरणावर जेवणाऱ्या घरांत माणशी १५ ग्रॅम डाळही पडत नाही, हे इथे उघडं पडतं. स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर त्यांनाही दहा मिनिटं कॉलवर बसवा. तुमच्यामार्फत गेलेला निरोप फोडणीत जळून जातो.

दोन सेशन्समध्ये

पहिलं सेशन तासाभराचं, पुढची अर्ध्या-पाऊण तासाची, सुरुवातीला दर पंधरवड्याला. एका वेळी एक किंवा दोन बदल. तीनपेक्षा जास्त दिले तर तुम्हीच थांबवा.

मधुमेह असेल तर भात बंद करण्याऐवजी ग्लुकोमीटरने पडताळा. एक दिवस नेहमीचा भात-आमटी, जेवणाआधी आणि दोन तासांनी साखर. दुसऱ्या दिवशी तेवढाच भात, पण आधी कोशिंबीर आणि उसळ, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, पुन्हा दोन्ही वेळा साखर. चारही आकडे पाठवा. जेवणानंतर १८० च्या खाली, हे बहुतेकांसाठीचं सर्वसाधारण लक्ष्य असतं. तुमचं वेगळं असेल तर डॉक्टरांनी दिलेलंच धरा. एचबीएवनसी मात्र तीन महिन्यांनीच करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, महिन्याभरात केलेली चाचणी निम्मी जुनीच गोष्ट सांगते.

कुठे बिघडतं

वर्षानुवर्षं वर्ज्य असलेली जिलबी एकदा 'चालते' म्हटल्यावर पहिले काही आठवडे हात सैल सुटतो. हे अपेक्षित आहे, ओसरतं. घाबरून पुन्हा बंदी घातली की चक्र पुन्हा पहिल्यापासून. मधुमेहात जिलबी जेवणासोबत घ्या, रिकाम्या पोटी नको.

भुकेची पट्टीच नवा नियम होऊन बसते. "भूक ४ होती, म्हणून खाल्लं नाही," असं कुणी अभिमानाने सांगितलं की समजायचं, डाएट मागच्या दाराने घरात आलंय. उपवासाचंही तसंच. संकष्टी श्रद्धेने करता की एक जेवण वाचतं म्हणून, हे निदान डाएटिशियनला खरं सांगा. करायचाच असेल तर साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दाण्याचं कूट सढळ घाला, सोबत दही घ्या किंवा राजगिऱ्याकडे वळा. मधुमेहाच्या गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. साखर ७० च्या खाली गेली तर उपवास सोडून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची.

काटा माळ्यावर टाका. बाथरूममध्ये राहिला तर पाय वळतातच.

लग्नकार्यात "अगं, किती सुटलीस!" येणारच. वाद घालू नका. "आत्या, साखर आटोक्यात आहे, डॉक्टर खूश आहेत," पुरे. आपल्याकडे डॉक्टरांच्या नावालाच काय ते वजन. खुद्द डॉक्टरच गुडघा न तपासता "आधी दहा किलो कमी करा" म्हणाले तर शांतपणे विचारा: "हीच तक्रार बारीक पेशंटची असती तर काय तपासलं असतं, काय उपचार दिला असता? तेही मला सांगा."

चक्कर येऊन पडणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी, जुलाबाच्या गोळ्या, तीन महिने पाळी बंद, इन्सुलिनचे डोस मुद्दाम टाळणं, यांपैकी काही असेल तर व्हिडिओ कॉल पुरत नाही. प्रत्यक्ष डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ आधी, डाएटिशियन त्यांच्या जोडीला. फार दिवस अगदी कमी खाल्लेल्या माणसाने एकदम भरपूर खायला लागणंही धोक्याचं, रक्तातले क्षार कोसळतात. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

अमेरिकेत राहत असाल तर सेशनच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसलेले असाल त्या राज्याचा परवान्याचा नियम सहसा बघितला जातो, म्हणून डाएटिशियनला राज्य आधीच सांगा. विमा कंपनीला फोन करून ९७८०२ (पहिली भेट) आणि ९७८०३ (पुढच्या भेटी) हे कोड तुमच्या प्लॅनमध्ये बसतात का, वर्षाला किती भेटी, व्हिडिओ चालतो का, हे विचारा. डाएटिशियन नेटवर्कबाहेरची असेल तर 'सुपरबिल' (विमा कंपनीकडे पैसे मागायला लागणारं तपशीलवार बिल) मागून घ्या. आणि थालीपीठ म्हणजे 'इंडियन पॅनकेक' असं सांगून मोकळे होऊ नका. भाजणीत काय काय असतं ते सांगा, निम्म्या डाळी तिथेच असतात.