चित्ता की आपलाच बिबट? शिवारात अनोळखी मोठे जनावर दिसल्यावर या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या शिवारात चित्ता दिसल्याची बातमी उठली, की ती दिवस मावळायच्या आत चार गावांत पोचते आणि रात्रीची जेवणे होईपर्यंत तिच्या जोडीला एक छायाचित्रही फिरू लागते. 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आणलेले 8 चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडले गेले, तेव्हापासून अशा बातम्या माझ्याकडे वरचेवर येतात. सांगणारा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याने काहीतरी पाहिलेले असते. घोटाळा होतो तो त्यानंतर.

पहिली चूक म्हणजे वर्णनाच्या आधी नाव देणे. आपल्याकडे बिबट्यालाच कित्येक जण ‘चित्ता’ म्हणतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडचा साधा शब्द बातमीत आफ्रिकेचे जनावर होऊन उतरतो. ठिपके भरीव होते की मधून पोकळ, डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ होती का, हे आधी विचारावे. भरीव ठिपके आणि ती रेघ चित्त्याची. पोकळ, पाकळ्यांसारखे जुळलेले ठिपके बिबट्याचे. भारतातला मूळ चित्ता 1952 मध्येच नामशेष घोषित झाला. कुनो नागपूरपासून सरळ रेषेतही 500 किलोमीटरहून लांब आहे आणि तिथे मोकळ्यावर सोडलेल्या चित्त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर असते, म्हणून त्यांतला एखादा कोणाला न कळता काटोल-उमरेडपर्यंत येणे अवघडच. सिंह गुजरातेत गीर आणि त्याच्या आसपासच आहेत. ‘ब्लॅक पँथर’ तर परदेशी नव्हेच. तो काळ्या रंगाचा बिबट्या असून ताडोबातही दिसलेला आहे.

दुसरी चूक ठशांची, आणि इथे थोडे थांबायला हवे. मागच्या हिवाळ्यात काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत मला बोलावणे आले होते. “भाऊ, चित्ताच आहे, नखं पाहा ना,” असे म्हणत बागवानाने झाडाच्या आळ्यातला ओला ठसा दाखवला. त्याची माहिती चुकीची नव्हती. चित्त्याची नखे पूर्ण आत जात नाहीत म्हणून ती ठशात उमटतात, तर वाघ आणि बिबट चालताना ती आत ओढून घेतात. पण नखे कुत्र्याची आणि तडसाचीही उमटतात. मांजरकुळातल्या ठशात तळव्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. इथे गादी लहान, त्रिकोणी आणि ठसा लांबट होता, म्हणजे गावातलेच कुत्रे. उलटही घडते, कारण निसरड्या चिखलात बिबट्याही नखे रोवतो. शिवाय ओल्या मातीत ठसा पसरतो, तेव्हा आकार पाहून कोणी सिंहाचे नाव घेतले तर घाई करू नये. ठशाशेजारी मोजपट्टी, ती नसेल तर काडेपेटी ठेवावी, मोबाइल बरोबर वरून धरून ओळीतल्या चार-पाच ठशांची छायाचित्रे घ्यावीत आणि वनरक्षक येईपर्यंत ठशावर घमेले पालथे घालून ठेवावे.

लांबून झूम करून काढलेल्या चित्रफितीत रानमांजरही बिबट्याएवढे वाटते, कारण मागे फक्त तुरीचे पीक असते आणि अंतर कळत नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात, वनकर्मचाऱ्यांसोबत जाऊन, त्याच जागी माणूस उभा करावा आणि तिथूनच पुन्हा चित्रण करावे. निम्मे वाद तिथेच मिटतात. मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीप्रमाणे पाठवलेल्या छायाचित्रातून वेळ आणि जागेची नोंद निघून जाते, म्हणून ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उलट्या बाजूची आहे. इंग्लंडमधल्या बॉडमिन मूर भागात परदेशी मोठे मांजर फिरत असल्याची चर्चा झाली, तेव्हा 1995 साली सरकारी चौकशीत पडताळता येईल असा पुरावा सापडला नाही. पाठोपाठ नदीत बिबट्याची कवटी मिळाली, आणि ती कातड्याच्या गालिच्यातली निघाली! तिथे अशी बातमी हसण्यावारी नेली तरी फारसे बिघडत नाही. आपल्याकडे ‘चित्ता नाही’ याचा अर्थ ‘काहीच नाही’ असा होत नाही. 2019 मध्ये नागपूरलगतच्या मिहान परिसरात वाघ फिरत होता आणि 2021 मध्ये बिबट्या थेट नागपूर शहरात शिरला होता. म्हणून नावाचा वाद बाजूला ठेवून वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, गर्दी जमवू नये, आणि गाय-बकरी मारली गेली असेल तर पंचनाम्यापर्यंत ती जागची हलवू नये.

काटोलच्या त्या बागेत कुत्र्याचा ठसा ओळखून आम्ही हसलो आणि परत निघालो. पाटाच्या कडेला बागवानाचा मुलगा थांबला. तिथे काडेपेटीहून बराच रुंद, गोलसर, नखे नसलेला ठसा होता.