कामट्यांचा आकाशकंदील घरी कसा बांधावा

दसऱ्याला सोने वाटून झाले की लक्ष्मीपूजनापर्यंत वीसेक दिवस उरतात. घरी कंदील करायचा असेल, तर बांबूच्या कामट्या याच दिवसांत घरात यायला हव्यात. शाळांची सहामाही परीक्षाही नेमकी याच सुमारास असते, म्हणून कामाचे दोन भाग करावेत. परीक्षेआधी रोज संध्याकाळी थोडा थोडा सांगाडा बांधायचा आणि शेवटचा पेपर झाला की कागद लावायला बसायचे. वसुबारसेच्या आदल्या रात्री सगळे एकदम करायला गेले, तर मोठ्यांच्या हाती कात्री आणि मुलांच्या हाती फक्त टिकल्या येतात.

या लेखात मला आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. हल्ली तयार सांगाडा आणतात आणि मुलांना त्यावर चमकी चिकटवायला बसवतात. पण कंदील घडतो तो गाठींमध्ये. आठ-दहा वर्षांच्या मुलाला चौकोन बांधू द्या. तो थोडा तिरका झाला तर पुन्हा सोडून बांधू द्या. चोवीस सुट्या कामट्यांचा एक भरीव आकार आपल्या हाताखाली उभा राहतो, हे त्याला पाहायला मिळाले पाहिजे. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी जे रंग लटकतात ते डोळे भरून पाहावेत, तिथून कल्पनाही घ्याव्यात, पण बांधणी घरी करावी.

कोणता आकार?

आपण जो पारंपरिक कंदील म्हणून ओळखतो, त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सहा चौकोनांचा घरी करायला सगळ्यात चांगला, कारण त्यात एकाच मापाचे सहा चौकोन करून फक्त कोपऱ्याला कोपरा बांधायचा असतो. एक चौकोन तळाला, एक माथ्याला, आणि मधले चार पत्त्यातल्या चौकटसारखे कोपऱ्यावर उभे. मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही. मुलांना आधी हे सांगू नका. बांधून झाल्यावर त्यांनाच त्रिकोण मोजायला सांगा.

चौकोनाची बाजू २० सेंमी धरली, तर कंदील एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ४० सेंमी रुंद आणि तळापासून माथ्यापर्यंत साधारण २८ सेंमी उंच होतो. फ्लॅटच्या बाल्कनीला हे माप बेताचे आहे. बाजू निम्मी केली की सगळी मापे निम्मी होतात. चाळीच्या गॅलरीत प्रत्येक दारावर सारखे छोटे कंदील लावायचे असतील, तर १० सेंमी बाजू पुरते. इतक्या लहान कंदिलाला खराट्याच्या काड्याही चालतात, फक्त जाड बुंध्याकडचा भाग घ्यावा.

सामान

२२ सेंमी लांबीच्या २४ कामट्या आणि ३० सेंमीच्या ६. रुंदी साधारण अर्धा सेंमी. बुरुडाकडे सांगितले तर तो मापाने चिरून देतो. कामट्या ओल्या वाटल्या, तर दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्याव्यात. ओला बांबू वाळताना आकसतो आणि आज घट्ट मारलेली गाठ आठवड्याने सैल पडते. परदेशात राहणाऱ्यांना बुरूड कुठला मिळायला! त्यांनी मांस भाजायच्या ३० सेंमी लांबीच्या बांबूच्या काड्या आणाव्यात. टोके छाटून त्यातून २४ काड्या २२ सेंमीच्या कापल्या आणि ६ पूर्ण ठेवल्या की वरचे माप बरोबर जुळते.

बाकी जाड सुती दोरा, पतंगाचा कागद दोन किंवा तीन रंगांत, सोनेरी कागद, मैदा, पॉलिश पेपर, कात्री, पट्टी, पेन्सिल. सोनेरी कागद विकत आणण्याआधी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी, गणपती, कलश कापून घेतले की नातेवाइकांच्या लग्नांच्या गोष्टी सुरू होतात आणि आजी आपणहून कामात येऊन बसते.

सांगाडा

१. प्रत्येक कामटीच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. बांबूचे कुसळ बोटात गेले तर फार दुखते, आणि मूल त्या दिवशी पुन्हा कामटीला हात लावत नाही. हे घासणे मोठ्यांनी करावे.

२. २२ सेंमीच्या प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून १ सेंमी आत पेन्सिलीने खूण करा. खुणेपासून खुणेपर्यंत २० सेंमी भरले पाहिजेत. हे मापायचे काम पाचवी-सहावीतल्या मुलाचे. चोवीसही कामट्यांची खूण एकाच पट्टीने करावी.

३. दोन कामट्या समांतर ठेवा, त्यांवर दोन आडव्या ठेवा. खुणेवर खूण आली पाहिजे. सांध्यावर दोरा आधी एका तिरप्या दिशेने तीन वेढे, मग दुसऱ्या तिरप्या दिशेने तीन वेढे असा फिरवा. त्यानंतर दोन कामट्यांच्या मधून, वेढ्यांभोवती एकदोनदा फिरवून ओढून धरा आणि दुहेरी गाठ मारा. हा मधला फेरा बहुतेक लोक विसरतात, आणि सांधा घट्ट होतो तो त्यानेच. एकट्या मुलाला हे जमत नाही. एकाने सांधा चिमटीत धरायचा, दुसऱ्याने दोरा फिरवायचा. भावंडांची जोडी असेल तर फार छान.

४. चारही कोपरे बांधून झाले की चौकोन हातात धरून हलवून बघा. तो तिरका होतो, चौकटसारखा लवतो. गाठ कितीही घट्ट असली तरी हे होणारच, कारण चार बाजूंच्या आकाराला स्वतःचा ताठपणा नसतो. तो त्रिकोणाला असतो. म्हणून प्रत्येक चौकोनात ३० सेंमीची एक कामटी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी बांधा. बांधण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही साधारण २८ सेंमी भरले की चौकोन खरा. पुष्कळ जण ही तिरपी कामटी घालत नाहीत आणि ताठपणा कागदावर सोडतात. मुलांच्या हातचा कंदील असेल तर ती घालावीच, कारण कागद लावताना सांगाड्यावर दाब येतो आणि सगळा आकार पिळतो.

असे सहा चौकोन करा. रोज दोन केले तर तीन संध्याकाळी लागतील.

५. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक चौकोन, फक्त एका कोपऱ्याने, बांधा. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की तिरपी कामटी जिथे संपते तोच कोपरा खाली आला पाहिजे. म्हणजे उभा केल्यावर ती कामटी सरळ उभी दिसते, आणि रात्री चारही बाजूंना तिची सारखी सावली पडते.

६. आता शेजारचे दोन चौकोन उभे करून त्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. तसेच पुढचा, तसेच त्याच्या पुढचा. चौथा पहिल्याला भिडला की वाटी तयार. इथे चार हात लागतात. बाबांनी धरायचे आणि मुलांनी बांधायचे, असे करावे. बाबांना उलटे करायचा मोह होतो, तो आवरावा.

७. सहावा चौकोन माथ्यावर ठेवून त्याचे चार कोपरे चार उभ्या चौकोनांच्या वरच्या कोपऱ्यांना बांधा. एकूण बारा सांधे झाले. कंदील एका कोपऱ्याने उचलून बघा. कुठे लचकत असेल, तर त्या सांध्यावर आणखी चार वेढे द्या.

खळ

फेव्हिकॉलने काम होते, पण पतंगाच्या पातळ कागदाला खळच बरी. खळ हळूहळू वाळते, त्यामुळे कागद सरकवून नीट बसवायला वेळ मिळतो. दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळा. पांढरा रंग जाऊन खळ पारदर्शक, चमकदार दिसू लागली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असते, लहान मुलांचे हात त्या वाटीत जाणार असतील तर ते घालू नका. रोज ताजी खळ करा, एवढे पुरे.

कागद

रंग ठरवण्याआधी कागदाचा तुकडा पेटत्या बल्बसमोर धरून बघा. दुकानात झळकणारा गडद निळा किंवा जांभळा पिवळसर उजेडात काळपट दिसतो, आणि दिवसा फिका वाटणारा पिवळा, पांढरा, नारिंगी रात्री खुलतो. चौकोनांना फिका आणि त्रिकोणांना गडद रंग घेतला तर कंदिलाचा आकार लांबूनही उठून दिसतो. दोन रंग पुरेसे आहेत. मुले सात रंग मागतील, त्यांना झिरमिळ्यांमध्ये वाट्टेल तितके रंग द्या.

माथ्याचा आणि तळाचा चौकोन उघडाच ठेवायचा. खालून हवा येते, वरून उष्णता जाते, आणि बल्ब बदलायला हात आत जातो. म्हणजे कागद लागतो चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना.

हाताने बांधलेला कुठलाच चौकोन तंतोतंत २० सेंमीचा नसतो, म्हणून पट्टीने मोजून कागद कापू नका. सांगाडा कागदावर ठेवा, त्या बाजूची पेन्सिलीने रेघ ओढा आणि सगळीकडून दीड सेंमी जास्त ठेवून कापा. कागदावर आणि बाजूवर एकच आकडा लिहा.

आधी त्रिकोण लावा. खळ कागदाला न लावता कामटीला लावायची, कारण हा कागद भिजला की हातातच फाटतो. कागद बसवा, जास्तीची कड कामटीवरून आत दुमडा. कोपऱ्यातल्या गाठींपाशी कात्रीने छोटा छेद दिला की कागद चुरगळत नाही. आठही त्रिकोण वाळले की चौकोन लावा, त्यांची कड त्रिकोणाच्या कडेवर बसते आणि शिवण झाकली जाते. ओला असताना सुरकुतलेला कागद वाळताना बराचसा ताणला जातो, म्हणून ओढाताण करू नका. तो पंख्याखाली न ठेवता मोकळ्या हवेत वाळू द्या. ऑक्टोबरच्या उन्हात तासा-दोन तासांत काम होते. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर मात्र रात्रभर थांबावे लागेल.

करंज्या आणि झिरमिळ्या

करंजी म्हणजे सोनेरी कागदाचा ५-६ सेंमीचा चौकोनी तुकडा. त्याची समोरासमोरची दोन टोके घडी न पाडता जवळ आणून एकमेकांना चिकटवायची. मधला भाग फुगीर राहतो, खाण्याच्या करंजीसारखा. अशा करंज्या बाराही सांध्यांवर लावल्या की गाठी झाकल्या जातात. चार-पाच वर्षांच्या मुलांची बोटे या कामाला अगदी योग्य असतात. जास्तीच्या झाल्या तर कडांवरही लावाव्यात.

झिरमिळ्यांसाठी कागदाची तीन-चार बोटे रुंद पट्टी घेऊन एका बाजूने बारीक कातरायची आणि ती तळाच्या चौकोनाभोवती फिरवायची. तिच्याखाली ६० सेंमी लांबीच्या शेपट्या. कंदील टांगायची जागा आधी बघून घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतील इतक्या लांब शेपट्या ठेवू नका. पत्रिकांवरची नक्षी उभ्या चौकोनांच्या मध्यावर लावा. तो कागद जाड असल्याने रात्री तिथे स्वच्छ काळी आकृती उमटते, कलश असो की मोर.

बल्ब आणि टांगणी

साधा तारेचा बल्ब कागदाच्या कंदिलात लावू नका, तो फार तापतो. ५ ते ७ वॅटचा पिवळसर एलईडी पुरतो. होल्डरची वायर माथ्याच्या तिरप्या कामटीला मधोमध बांधा आणि बल्ब कंदिलाच्या मध्यावर येईल इतका खाली सोडा. म्हणजे तो प्रत्येक कागदापासून १४ सेंमी तरी लांब राहतो. वायर जोडणे, पिन बसवणे हे काम मोठ्यांचे. जोड उघडा राहिला नाही ना, त्यावर टेप आहे ना, आणि पिन पावसात येत नाही ना, हे तपासावे.

कंदील वायरवर टांगू नये. माथ्याच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून त्यांची वर एक गाठ मारा आणि ती हुकाला अडकवा. वायर सैल सोडा. वाऱ्याची बाजू असेल तर तळाच्या एका कोपऱ्याला दोरी बांधून ती कठड्याला अडकवा, नाहीतर कंदील गरगरा फिरतो आणि वायर पिळते.

पुढच्या वर्षासाठी

तुळशीचे लग्न झाले की किंवा त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवतात. तो कागदासकट माळ्यावर टाकू नका. खळीवर झुरळे येतात आणि वर्षभरात कागदाची चाळण होते. कागद फाडून काढा, कामट्या ओल्या फडक्याने पुसून खळ घालवा, उन्हात वाळवा. करंज्या चांगल्या असतील तर डब्यात ठेवा. सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर उंच टांगला तर पुढे चार-पाच दिवाळ्या सहज टिकतो. दरवर्षी सैल पडलेल्या एक-दोन गाठी कापून नव्याने बांधायच्या आणि नवा कागद लावायचा. पुढच्या वर्षी हात बसलेला असेल, तेव्हा उभ्या चौकोनांचा कागद लावण्याआधी चौपदरी दुमडून त्याला कात्रीने नक्षी काढा, आणि आतून पातळ पांढरा कागद लावून भोके झाका.