आर्चटॉप गिटार घेताना आधी आत बघा
सांगलीत कुणी जुनी आर्चटॉप, म्हणजे वरची फळी कमानीसारखी फुगीर असलेली, गिटार विकायला काढली, तर तारा छेडण्याआधी एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या इंग्रजी f च्या आकाराच्या भोकातून, मोबाईलचा टॉर्च मारा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा आत सरकवा. तबलीखाली, म्हणजे या वरच्या फळीच्या आतल्या बाजूला, आधाराच्या दोन लांब लाकडी पट्ट्या जवळजवळ समांतर दिसल्या तर आवाज ठसठशीत, पुढे फेकला जाणारा; गिब्सन कंपनीच्या १९२२ च्या एल-फाइव्ह गिटारची बांधणी अशीच होती. पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदत असतील तर स्वर गोलसर, जास्त रेंगाळणारा. एकट्याने वाजवायला मला फुलीच गोड वाटते. तबलीवर बोटाने हलकं टकटक करून मात्र ऐकाच, सुटलेली पट्टी खरखरते. तशी निघाली तर मिरजेत सतारीच्या तबल्या रोज हाताळणारे कारागीर आहेत, त्यांना दाखवा.