डाळ-भरीत आधी, भाकरी मागून : आतड्यातल्या हार्मोन्सना वेळ मिळेल असं कसं जेवावं

जिभेला चव लागली की पोटाला वर्दी जाते. पण ही वर्दी ढोबळ असते : काहीतरी येतंय, तयारीत राहा, एवढीच. घासात पिष्ट किती, प्रथिनं किती, तेल किती याची खरी तपासणी लहान आतड्याच्या अस्तरात होते, आणि तिथल्या पेशी पोषकद्रव्य ओळखून त्यानुसार हार्मोन्स सोडतात. म्हणून ताटात काय आहे याच्या जोडीला ते कोणत्या क्रमानं आणि किती सावकाश पोटात उतरतं, यानंही फरक पडतो. आपलं खान्देशी ताट बदलायची गरज नाही. जेवायची रीत थोडी बदलायची.

१. आधी वास घ्या

वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जात असताना, मिरची-लसूण बडगीत ठेचला जात असताना तिथंच घुटमळा. रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेला असा छेद दिला होता की गिळलेलं अन्न बाहेरच पडे, तरी जठरात पाचकरस झरू लागे. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं. माणसातही वास आणि चव यांचा निरोप व्हेगस नावाच्या नसेतून जठराला आणि स्वादुपिंडाला पोचतो. जेवणाच्या निमित्तानं सुटणाऱ्या जठराम्लाचा साधारण ३० टक्के भाग या टप्प्यातला धरतात. मोबाईलमध्ये डोकं घालून जेवायला बसलात तर ही आयती तयारी अर्धवट राहते, असं माझं मत.

२. पहिले घास डाळीचे आणि भरिताचे

सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे. नुसत्या वांग्यात प्रथिनं आणि स्निग्धांश नावापुरतेच. भरितात हे काम करतात ते शेंगदाणे, खोबरं आणि वरून घेतलेलं तेल. सोबत उडदाच्या डाळीची वाटी असेल तर उत्तमच. प्रथिनं आणि तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचले की कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं. त्यानं पित्ताशय आकुंचन पावतं, स्वादुपिंड एन्झाइम सोडतं आणि जठराचं खालचं दार आवळलं जातं. आतड्यात पुढे गेल्यावर जीएलपी-१ हे दुसरं हार्मोन सुटतं; तेही जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि इन्सुलिनला हात देतं. मागून आलेल्या भाकरीची साखर मग रक्तात सावकाश चढते.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं होतं. भाज्या आणि चिकन आधी, पाव आणि संत्र्याचा रस नंतर, अशा दिवशी तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली.

आता भाकरीशिवाय भरीत कोण खातं, हे मलाही कळतं. अर्धी वाटी डाळ पिऊन घ्या, कांद्याची पात चावा, भरिताचे चार घास नुसते घ्या आणि मग भाकरी मोडा. तेवढं पुरतं.

तेल मात्र चमचाभरच. तेल पचून त्यातली फॅटी ॲसिड सुटी झाली की पित्ताशयाला इशारा जातो, त्यासाठी तवंग लागत नाही. पित्ताशयात खडे असलेल्यांना शेवभाजीच्या तर्रीनंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती याच आकुंचनामुळे. त्यांनी हा प्रयोग तेलावर करू नये.

ठेच्याबद्दल एक सांगून टाकतो : तिखट ही जिभेच्या लेखी चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं.

३. कळण्याची भाकरी चावूनच खा

ज्वारी-उडदाची ही भाकरी तशीही भराभर गिळता येत नाही. ग्रीसमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेच ३०० मिलिलिटर आइस्क्रीम एकदा ५ मिनिटांत आणि एकदा ३० मिनिटांत खायला दिलं. सावकाश खाल्लं तेव्हा पीवायवाय आणि जीएलपी-१ ही तृप्तीची हार्मोन्स जास्त सुटली. तेव्हा दुसरी भाकरी वाढायला कोणी आली की "थांब वं माय, जरा दम घेऊ दे" म्हणा. घरात रागावतील, पण पोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

४. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी

खापरावरची पुरणपोळी आणि आमरस समोर असताना संयमाचा उपदेश मी करणार नाही. फक्त पहिला घास गोडाचा नको. आधी रसई (पुरणपोळीसोबतची तिखट आमटी) आणि एखादी भाजी घ्या, मग पोळी तुपासकट. रसाची वाटी शेवटी, आणि तीही पिण्यापेक्षा पोळीशी.

"मी शुगर-फ्री टाकतो, मला काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी : गोड ओळखणारे ग्राही जिभेवर असतात तसे आतड्यातही सापडले आहेत, पण माणसांच्या जठरात सुक्रॅलोज हा कृत्रिम गोड पदार्थ सोडून पाहिला तेव्हा जीएलपी-१ वाढलं नाही. ग्लुकोज तोंडाने घेतलं तर शिरेतून दिल्यापेक्षा इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं. ती करामत आतड्यातल्या हार्मोन्सची, आणि त्यांना जागं करायला खरं पोषकद्रव्य लागतं.

५. स्वतःवर पडताळा

घरी ग्लुकोमीटर असेल तर तेच पदार्थ तेवढ्याच मापात दोन दिवस खा : एकदा भाकरी आधी, एकदा डाळ-भरीत आधी. पहिल्या घासापासून बरोबर एका तासानं बोट टोचून आकडा लिहून ठेवा. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. औषध लगेच कामाला लागलं आणि भाकरीची साखर उशिरा आली, तर मधल्या वेळात साखर एकदम खाली जाऊ शकते.