वाड्याच्या लाकडातला भुंगा: आधी रंधा, मग औषध

वाड्याचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उतरवलं की तुळया, खांब, दारचौकटी असा फर्निचरला चालणारा बराच माल निघतो. त्यात सागवान, कडुलिंब, बाभूळ, आंबा सगळं मिसळलेलं असतं. पीठ पाडणारा भुंगा लाकडातल्या स्टार्चवर जगतो, आणि तो सालीलगतच्या पांढऱ्या भागात असतो. म्हणून नांदेडकडच्या किनवटचं अस्सल सागवान असलं तरी त्याचा पांढरा पट्टा पोखरलेला सापडतो आणि गाभा शाबूत राहतो. आंब्यात पक्का गाभा जवळजवळ नसतोच, त्यामुळे अख्खी फळी जाऊ शकते.

एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि टाल्कम पावडरसारखं पीठ दिसलं तर तो हाच भुंगा. तीन ते सहा मिलिमीटरची भोकं आणि जाडसर भुसा असेल तर त्याचा मोठा भाऊबंद. मातीचे पापुद्रे दिसले तर ती वाळवी, तिचा उपाय वेगळा. भोकं जुनी की चालू, हे ओळखायला लाकूड झटकून प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल करा आणि खाली काळा कागद अंथरून तीन आठवडे ठेवा. नवं पीठ पडलं तर आत अळी जिवंत आहे. नाही पडलं म्हणून निर्धास्त होऊ नका, अळी कित्येक महिने आतच खात बसते.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते क्रमात. बहुतेक जण अख्ख्या तुळईला औषध लावतात आणि मग रंधा मारतात. सुकलेल्या जुन्या लाकडात औषध वरच्या काही मिलिमीटरांतच मुरतं, आणि नेमका तोच थर रंध्याखाली निघून जातो. म्हणून आधी चुंबक फिरवून खिळे काढा, चुना आणि जुना रंग खरवडा, पांढरा भाग शक्य तितका कापून टाका. पोखरलेले तुकडे त्याच दिवशी जाळा. माप कापून, कुसू-साळ (जोडाचा खुंट आणि खाच) पाडून, रंधा मारून झाल्यावरच औषध लावा. स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं तर तो तुकडा जोडाला वापरू नका.

औषधासाठी पाच लिटर पाण्याला 300 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) आणि 200 ग्रॅम बोरिक पावडर घ्या. कॅरमची पावडर चालणार नाही, केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा. पाणी चांगलं गरम करून त्यात विरघळवा, हातमोजे घाला. सगळ्या बाजूंनी ब्रशने तीन हात द्या, पहिला हात सुकायच्या आत दुसरा. टोकं बादलीत बुडवून ठेवा. भोकांत सिरिंजने जरूर सोडा, पण भोक ही भुंगा बाहेर पडल्याची खूण आहे, अळ्या दुसरीकडे असतात. म्हणून नुसती भोकं भरून भागत नाही. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवा, ओल असेपर्यंत औषध आत सरकतं. नंतर सावलीत, मधे इंचभर पट्ट्या घालून तीन-चार आठवडे सुकवा. पांढरे कण आले तर ओल्या फडक्याने पुसा आणि मगच पॉलिश करा. पावसात हे औषध धुऊन जातं, तेव्हा उघड्यावरच्या कामाला वरून पक्का थर हवाच. पोळपाट किंवा खाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंना लावू नका.

मे महिन्याच्या उन्हाचाही उपयोग होतो. काळ्या रंगाच्या पत्र्यावर पातळ फळ्या रचून पारदर्शक प्लास्टिकने झाका, कडा मातीने दाबा. लाकडाच्या मध्यभागी 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं टिकायला हवं. निर्यातीच्या लाकडी पेट्यांना हेच प्रमाण लावतात. जाड फळीत भोक पाडून थर्मामीटरचं टोक मध्यापर्यंत घातल्याशिवाय ते झालं असं धरू नका. जाड तुळईच्या पोटापर्यंत एवढी उष्णता पोचणं अवघड असतं. उष्णतेने आतली कीड मरते, पण पुढची लागण थांबत नाही, म्हणून त्यानंतरही टाकणखाराचा हात द्या.

रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतू नका. ते खोल जात नाही, आगीची भीती राहते आणि गोंद, पॉलिश धरत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या विषारी गोळ्या तर घरात लाकडाला कधीच लावू नका, त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो.

फर्निचर झाल्यावर पुढचे दोन पावसाळे त्याखाली काळा कागद ठेवा. पीठ दिसलं की त्या जागचं पॉलिश घासून काढा आणि तेच द्रावण पुन्हा लावा. पॉलिशवरून लावलेलं आत जात नाही.